एक तृतीयांश : मॅकेन्झी खोऱ्यातील पाइपलाइन आणि तिचे मालक

पाइपलाइन ही प्रशासनाच्या दृष्टीने मोठी सोयीची वस्तू आहे. धरणाप्रमाणे ती गावे बुडवीत नाही की खाणीप्रमाणे डोंगर पोखरीत नाही. चर खणायचा, नळ पुरायचा, माती पूर्ववत लोटायची. पुढच्या पावसाळ्यात शेतकरी त्याच पट्ट्यावर पीक घेतो. त्यामुळे ज्याच्या जमिनीखालून ती जाते त्याला नुकसानभरपाई दिली की व्यवहार संपला, असे आपण धरून चालतो. त्या माणसाने, किंवा त्याच्या गावाने, पाइपलाइनच्याच मालकीत वाटा मागावा, ही कल्पना आपल्या कायद्यांना अपरिचित आहे.

कॅनडाच्या उत्तर टोकाला ही मागणी केली गेली आणि कागदोपत्री ती मान्यही झाली. १९७७ साली मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातील आदिवासींच्या विरोधामुळे एक अवाढव्य वायुवाहिनी थांबली. २००३ साली त्याच खोऱ्यातील बहुतेक आदिवासी गट तशाच एका वायुवाहिनीचे एक तृतीयांश भागीदार झाले. या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे घाईचा वाचक म्हणतो, ‘पैशापुढे तत्त्व वाकले.’ माझे मत तसे नाही. पहिला नकार ऐकला गेला नसता तर दुसरा होकार संभवलाच नसता, असे मला वाटते. आणि त्या होकारातून काय मिळाले व काय निसटले, याचा हिशेब आपल्याकडील अधिकाऱ्यांनीही मांडून पाहण्यासारखा आहे. (कॅनडात ‘आदिवासी’ या अर्थाचे शब्द गेल्या पन्नास वर्षांत अनेकदा बदलले. मी येथे आपला ओळखीचा शब्दच वापरीत आहे.)

मॅकेन्झी नदी ग्रेट स्लेव्ह सरोवरातून निघून उत्तरेस आर्क्टिक समुद्राला मिळते. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना तिच्या काठी देहचो, साहतू आणि ग्विचिन हे देने वंशाचे लोक राहतात; मुखाशी, त्रिभुज प्रदेशात, इनुव्हियालुइत. जमीन बाराही महिने खोलवर गोठलेली. सत्तरच्या दशकात साऱ्या प्रदेशात जेमतेम ३० हजारांची वस्ती होती आणि तीतही निम्मे बाहेरून आलेले. या लोकांचा आणि तेलाचा संबंध मात्र जुना आहे. १९२० च्या उन्हाळ्यात नॉर्मन वेल्स येथे इम्पीरियल ऑइल कंपनीला तेल लागले आणि लगेच पुढच्या वर्षी सरकारचा प्रतिनिधी करारपत्र घेऊन नदीमार्गे गावोगाव फिरला. हाच तो ‘करार क्रमांक ११’. माणशी वर्षाला ५ डॉलर देऊन लाखो चौरस किलोमीटर जमिनीवरचे हक्क सोडून घेतल्याचे त्यात लिहिले होते. तेल सापडेपर्यंत त्या प्रदेशाशी करार करण्याची निकड सरकारला भासली नव्हती, हे ध्यानात घ्यावे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने नॉर्मन वेल्सहून युकॉनकडे डोंगर ओलांडून एक तेलवाहिनी नेली. ती जेमतेम वर्षभर चालली आणि १९४५ मध्ये सोडून देण्यात आली. ही खोऱ्यातली पहिली पाइपलाइन. तिच्याविषयी कोणी कोणाला विचारले नव्हते.

१९६८ साली अलास्कात प्रुडो बे येथे प्रचंड तेल व वायू सापडला. तो वायू दक्षिणेकडे आणण्यासाठी वीसहून अधिक कंपन्यांचा ‘आर्क्टिक गॅस’ नावाचा संघ उभा राहिला. अलास्काहून युकॉनच्या उत्तर किनाऱ्याने मॅकेन्झीच्या मुखापर्यंत आणि तेथून खोऱ्यातून सरळ खाली अल्बर्टात, असा त्यांचा मार्ग होता. नेमक्या याच सुमारास दोन न्यायालयीन घटना घडल्या.

पहिली ब्रिटिश कोलंबियातली. निस्गा जमातीचे नेते फ्रँक कॅल्डर यांनी आपल्या लोकांचा भूमीवरील मूळ हक्क कधीच संपुष्टात आलेला नाही, असा दावा केला होता. १९७३ च्या जानेवारीत कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. दावा तांत्रिक कारणावर फेटाळला गेला. पण सात न्यायाधीशांपैकी सहांनी असा हक्क कायद्याला माहीत आहे, हे मान्य केले. तो अजून शिल्लक आहे की नाही यावर त्या सहांत तीन-तीन अशी फूट पडली, इतकेच. हरलेल्या दाव्याने सरकारचे धोरण बदलल्याची उदाहरणे फार नसतात. हे त्यांपैकी एक. निस्गांचे वकील होते थॉमस बर्जर.

दुसरी घटना महसूल खात्यातल्या माणसाला विशेष भावेल अशी. त्याच वर्षी देने लोकांच्या सोळा प्रमुखांनी भूमिनोंदणी कार्यालयात अर्ज दिला : सुमारे दहा लाख चौरस किलोमीटर जमिनीत आमचा हितसंबंध आहे, त्याची नोंद घ्यावी. आपल्या भाषेत सांगायचे तर त्यांनी अवघ्या प्रदेशाच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात आपले नाव चढवायला सांगितले. नोंदणी अधिकारी गोंधळला आणि प्रकरण न्यायमूर्ती विल्यम मॉरो यांच्याकडे गेले. मॉरो गावोगावी गेले आणि १९२१ चा करार स्वतः पाहिलेल्या वृद्धांच्या साक्षी त्यांनी नोंदवल्या. आम्ही मैत्रीला हात दिला, जमीन दिली नाही, असे त्या वृद्धांचे म्हणणे पडले. मॉरो यांनी १९७३ च्या सप्टेंबरात देने लोकांच्या बाजूने निर्णय दिला. पुढे वरच्या न्यायालयात तो टिकला नाही; सरकारी जमिनीवर अशी नोंद करता येत नाही, या मर्यादित मुद्द्यावर तो फिरला. पण कराराच्या अर्थाविषयीची शंका एकदा नोंदली गेली ती गेलीच.

ओटावात तेव्हा पिएर त्रूदो यांचे अल्पमतातले सरकार होते आणि ते डाव्या विचारांच्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाच्या आधाराने उभे होते. १९७४ च्या मार्चमध्ये सरकारने पाइपलाइनच्या परिणामांची चौकशी करण्यासाठी बर्जर यांचीच नेमणूक केली. ते तोवर न्यायाधीश झाले होते. पूर्वी त्याच पक्षाचे प्रांतिक नेतेही होते. अशी नेमणूक आपल्याकडे झाली असती तर पहिल्याच दिवशी तिच्याविरुद्ध याचिका दाखल झाली असती!

बर्जर यांनी काम कसे केले, हे मी नव्या सहकाऱ्यांना अनेकदा सांगतो, आणि येथेही थोडे विस्ताराने सांगणार आहे. त्यांनी सुनावण्यांचे दोन भाग केले. एक औपचारिक, यलोनाइफ गावी. तेथे तज्ज्ञ, वकील, शपथा, उलटतपासणी असे सारे होते. सुमारे तीनशे तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या आणि कंपन्यांना व सरकारी खात्यांना आपल्याजवळचे सर्व अभ्यास व अहवाल उघड करावे लागले. दुसरा भाग गावांतला. पस्तीस वस्त्यांतून बर्जर स्वतः गेले. कोठे शाळेत, कोठे सभागृहात, कोठे मासेमारीच्या तळावर ते बसले. तेथे उलटतपासणी नव्हती. माणसाने आपल्या भाषेत, त्याला हवा तितका वेळ बोलावे. दुभाषा सांगेल, लघुलेखक लिहील. कंपन्यांच्या प्रतिनिधींनी मात्र समोर बसून ऐकायचे. अशा सुमारे एक हजार साक्षी झाल्या आणि त्यांना तज्ज्ञांच्या साक्षींइतकेच वजन राहील, हे त्यांनी आधीच जाहीर केले होते.

दिवसभर काय घडले ते रोज संध्याकाळी सरकारी रेडिओवरून इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत सांगितले जाई. त्यामुळे पुढच्या गावची माणसे मागच्या गावाने काय म्हटले ते ऐकून येत. शिवाय आदिवासी संघटना, पर्यावरणवादी, नगरपालिका, लहान व्यापारी या सर्वांना स्वतःचे वकील व तज्ज्ञ नेमता यावेत म्हणून सरकारकडून सुमारे १८ लाख डॉलर मिळवून देण्यात आले. बलाढ्य पक्षाशी भांडायला दुर्बलाला सरकारनेच पैसे द्यायचे, ही गोष्ट तेव्हा कॅनडातही नवलाची होती. हा खर्च केला नाही तर सुनावणी हा नुसता देखावा ठरतो, असे माझे अनुभवान्ती मत आहे.

लोक काय बोलले? पाइपलाइनच्या व्यासाविषयी फार थोडे. बोलले ते सापळ्यांच्या वाटांविषयी, शाळांत नेलेल्या मुलांविषयी, दारूविषयी आणि नॉर्मन वेल्सविषयी : आमच्या दारी पन्नास वर्षे तेल निघते आहे, आम्हाला काय मिळाले? फोर्ट गुड होप येथे १९७५ च्या ऑगस्टात तरुण प्रमुख फ्रँक त्सेलेई यांनी, समोर बसलेल्या फूटहिल्स या प्रतिस्पर्धी कंपनीच्या अध्यक्षांची तुलना आदिवासींवर चालून गेलेल्या जनरल कस्टरशी केली. कॅनडाच्या सार्वजनिक जीवनात ते भाषण आजही आठवले जाते. त्याच गावचे स्टीफन काक्फ्वी तेव्हा देने संघटनेचे तरुण कार्यकर्ते म्हणून गावोगाव लोकांना साक्षीसाठी तयार करीत होते. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

बर्जर यांचा अहवाल १९७७ च्या मे महिन्यात आला. त्याचा सारांश सांगताना लोक सहसा ‘बर्जरने पाइपलाइन नाकारली’ एवढेच म्हणतात. ते अर्धसत्य आहे. युकॉनच्या उत्तर किनाऱ्यावरून पाइपलाइन कधीही नेऊ नये, कारण तो कॅरिबू हरणांच्या मोठ्या कळपाचा विणीचा प्रदेश आहे, असे त्यांनी नि:संदिग्धपणे म्हटले. खोऱ्याबाबत मात्र त्यांचे म्हणणे वेगळे होते. तेथून पाइपलाइन नेता येईल. पण दहा वर्षे थांबा. आधी आदिवासींचे भूमिहक्क निकाली काढा, त्यांच्या संस्था उभ्या राहू द्या. क्रम महत्त्वाचा : आधी जमीन, मग नळ. जुलैत राष्ट्रीय ऊर्जा मंडळानेही आर्क्टिक गॅसचा प्रस्ताव फेटाळून अलास्का महामार्गालगतच्या दुसऱ्या मार्गाला पसंती दिली. तो मार्ग कधीच बांधला गेला नाही, ही गोष्ट वेगळी.

दहा वर्षांचा हा थांबा मात्र पूर्णपणे पाळला गेला नाही. १९८५ साली नॉर्मन वेल्सहून अल्बर्टातील झामापर्यंत ८६९ किलोमीटरची, १२ इंच व्यासाची तेलवाहिनी सुरू झाली. गोठलेल्या उतारावरची माती वितळून सरकू नये म्हणून तेथे लाकडाच्या भुशाचे व ढलप्यांचे थर पसरले होते. अभियंत्यांनी या कामाचे कौतुक केले आणि ते योग्यही होते. पण मालकीच्या रकान्यात पाहिले तर काय दिसते? नॉर्मन वेल्सच्या तेलक्षेत्रात एक तृतीयांश हिस्सा १९४४ च्या एका करारान्वये केंद्र सरकारचा होता. उरलेला इम्पीरियलचा. देने लोकांना प्रशिक्षण, काही नोकऱ्या, काही कंत्राटे मिळाली. म्हणजे ‘एक तृतीयांश’ हा आकडा खोऱ्याला परका नव्हता. तो फक्त दुसऱ्या कोणाच्या नावावर होता.

दरम्यान भूमिहक्कांचे करार सावकाश होत गेले. १९८४ साली इनुव्हियालुइतांचा झाला आणि त्यांना सुमारे ९१ हजार चौरस किलोमीटर जमीन मिळाली. १९९२ साली ग्विचिन आणि १९९३ साली साहतू. या करारांनी रोख रक्कम दिली हे खरेच. परंतु त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी जमिनीचा निर्विवाद मालक निर्माण केला, काही भागात भूगर्भातील खनिजांसह. कंपनीला त्या जमिनीतून जायचे तर मालकाशी बोलणे भाग पडले. त्यांचे स्वतःचे महामंडळ, स्वतःचे हिशेबनीस, स्वतःचे वकील तयार झाले. १९७४ मध्ये जे लोक ‘प्रकल्पग्रस्त’ होते ते पंचवीस वर्षांनी करार करण्यास सक्षम असा पक्ष झाले. बर्जर यांना अभिप्रेत होते ते हेच. देहचोंचा करार मात्र झाला नव्हता आणि प्रस्तावित मार्गाचा सुमारे ४० टक्के भाग त्यांच्याच प्रदेशातून जात होता.

२००० साली खोऱ्यातल्या आदिवासी नेत्यांनी एकत्र येऊन ‘ॲबोरिजिनल पाइपलाइन ग्रुप’ स्थापन केला. पुढे त्याचे अध्यक्ष झालेले फ्रेड कारमायकल हे ग्विचिन होते. इनुव्हियालुइतांच्या वतीने नेली कूर्नोया आग्रहाने पुढे होत्या. आणि प्रदेशाचे पंतप्रधान होते तेच स्टीफन काक्फ्वी, ज्यांनी पाव शतकापूर्वी लोकांना नकार देण्यास उभे केले होते. आता ते पाइपलाइनचे समर्थक होते. यात विसंगती शोधणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की, नकाराचे कारण दूर झाल्यावरही नकारालाच चिकटून राहणे म्हणजेच निष्ठा काय?

आता त्या मालकीचा व्यवहार पाहू. नवी पाइपलाइन १,१९६ किलोमीटरची, ३० इंच व्यासाची. नदीच्या मुखाजवळच्या तागलू, पार्सन्स लेक आणि निग्लिंटगाक या तीन क्षेत्रांतला वायू ती अल्बर्टात नेणार होती. हिस्से असे ठरले : इम्पीरियल ३४.४ टक्के, आदिवासींचा गट ३३.३, कोनोकोफिलिप्स १५.७, शेल ११.४ आणि एक्झॉनमोबिल ५.२ टक्के. आकडे पाहून छाती भरून यावी असेच आहेत. परंतु आपल्यासारख्यांनी टक्केवारीखालच्या अटी वाचायच्या असतात.

पहिली अट भांडवलाची. आदिवासींच्या गटाजवळ पैसा नव्हता. प्रकल्पाच्या प्राथमिक टप्प्यातील त्यांच्या वाट्याचा खर्च ट्रान्सकॅनडा या पाइपलाइन कंपनीने उसना दिला. पाइपलाइन झाली तर तिच्या उत्पन्नातून तो फेडायचा, झाली नाही तर बुडाला. त्याबदल्यात ट्रान्सकॅनडाला प्रकल्पात शिरण्याचे काही हक्क मिळाले. बांधकामाचा मुख्य पैसा पुढे बँकांकडून कर्जाऊ उभा करायचा होता. दुसरी अट अधिक सूक्ष्म. पाइपलाइनची क्षमता दिवसाला सुमारे १.२ अब्ज घनफूट. पैकी वरील तीन क्षेत्रांचा वायू सुमारे ०.८ अब्ज. उरलेली जागा इतर कंपन्या भविष्यात शोधतील त्या वायूसाठी होती आणि आदिवासींचा हिस्सा या भविष्यातील वायूशी जोडलेला होता. तो वायू आला नाही तर एक तृतीयांश हा आकडा कागदावरच आकसणार. म्हणजे ज्यांच्यापाशी जोखीम पेलण्याचे बळ सर्वांत कमी, त्यांच्या वाट्याला पाइपलाइनचा सर्वांत अनिश्चित तिसरा हिस्सा आला होता. मी त्या वाटाघाटींत कंपन्यांचा सल्लागार असतो तर असाच मसुदा केला असता. आदिवासींचा असतो तर सही करण्यापूर्वी दोन रात्री झोपलो नसतो. तरीही सही केलीच असती, कारण आधीच्या पाइपलाइनींत त्यांना काहीच नव्हते.

देहचो बाहेर राहिले. त्यांच्यासाठी गटात जागा राखून ठेवली होती. पण आधी जमिनीचा निकाल, मग भागीदारी, ही बर्जर यांचीच भूमिका त्यांनी धरली. परीक्षण मंडळावर आपला प्रतिनिधी नाही म्हणून २००४ साली ते न्यायालयात गेले आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. पाइपलाइनच्या दक्षिण टोकाला अल्बर्टात राहणाऱ्या देने था जमातीला तर कोणी विचारलेच नव्हते. २००६ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने सल्लामसलतीचे कर्तव्य मोडल्याचा ठपका सरकारवर ठेवला. उत्तरेकडच्या जमातींना भागीदार करून घेताना दक्षिणेकडची एक जमात नकाशावरून सुटली. मार्गाच्या आखणीत हे नेहमी होते. शेवटचे तालुके घाईत उरकले जातात.

पुढची कहाणी थोडक्यात. अर्ज २००४ साली दाखल झाला. संयुक्त परीक्षण मंडळाचा अहवाल २००९ च्या डिसेंबरअखेर आला, १७६ शिफारशींसह. ऊर्जा मंडळाने वर्षभराने २६४ अटी घालून मान्यता दिली आणि मंत्रिमंडळाची संमती २०११ च्या मार्चमध्ये मिळाली. विहिरी, प्रक्रिया केंद्रे व पाइपलाइन मिळून खर्चाचा अंदाज २००७ सालीच १६.२ अब्ज कॅनेडियन डॉलरवर गेला होता. त्यातच दक्षिणेत अमेरिकेत शेल खडकांतून स्वस्त वायू निघू लागला. २००८ साली १२ डॉलरच्या वर गेलेला भाव २०१२ साली २ डॉलरच्या आसपास आला. २०१७ च्या डिसेंबरात भागीदारांनी प्रकल्प गुंडाळला. उसने दिलेल्या सुमारे १४ कोटी ६० लाख डॉलरवर ट्रान्सकॅनडाने आपल्या ताळेबंदात २०१० सालीच पाणी सोडले होते. परीक्षण लांबल्यामुळे प्रकल्प बुडाला, असे उद्योगजगतात म्हटले जाते. मला ते पटत नाही. परीक्षण वेळेत संपून २००८ साली काम सुरू झाले असते, तर पाइपलाइन उभी राहीपर्यंत भाव कोसळलेले असते आणि बँकांचे कर्ज डोक्यावर घेतलेले हे तिसरे भागीदार सर्वांत आधी बुडाले असते. त्या दिरंगाईने त्यांना वाचवले.

खोऱ्यात खरोखर मालकी मिळालेली एक पाइपलाइन होती, आणि तिच्याविषयी फार कमी लिहिले गेले आहे. १९९९ साली इखिल येथील लहानशा वायुक्षेत्रातून इनुविक शहरापर्यंत सुमारे ५० किलोमीटरची वाहिनी टाकली गेली. इनुव्हियालुइतांची पेट्रोलियम कंपनी त्यात एक तृतीयांश भागीदार होती, बरोबरीच्या हक्काने. गावातली घरे त्या वायूवर उबदार राहिली. २०१२ च्या सुमारास विहिरीत पाणी शिरले व पुरवठा आटला. तेव्हापासून अब्जावधी घनफूट वायूच्या शेजारी वसलेल्या इनुविकला दक्षिणेकडून हजारो किलोमीटर ट्रकने इंधन आणावे लागले.

आपल्याकडचे चित्र याच्याशी ताडून पाहू. नाहरकटियाहून बरौनीपर्यंतची १,१५७ किलोमीटरची तेलवाहिनी १९६० च्या दशकात झाली. लांबीने ती मॅकेन्झीच्या योजनेएवढीच. त्याच काळात, १९६२ साली, पाइपलाइनसाठी जमिनीचा ‘वापरहक्क’ संपादन करण्याचा कायदा आला. त्यात जमीन मालकाकडेच राहते. त्याने त्या पट्ट्यावर घर बांधायचे नाही, विहीर खणायची नाही, झाड लावायचे नाही. हरकतींसाठी २१ दिवस. भरपाई म्हणजे प्रत्यक्ष नुकसान, अधिक बाजारभावाच्या १० टक्के, एकदाच. नंतर सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात कंपनीचे नाव चढते. देने प्रमुखांना ज्या रकान्यात शिरण्यासाठी न्यायालयात जावे लागले, त्यात आपल्याकडे कंपनी अधिसूचनेने शिरते.

नोकरीच्या पूर्वार्धात मध्य भारतातल्या एका आदिवासी जिल्ह्यात अशा हरकतींच्या सुनावण्या मी घेतल्या आहेत. नोटीस जाते ती खातेदाराला. वनजमिनीतून जाणाऱ्या तुकड्यात मोहाची फुले वेचणाऱ्या बाईला ती जात नाही, कारण ती खातेदार नाही. एका गोंड म्हाताऱ्याने मला विचारले होते, ‘साहेब, मोबाइलच्या टॉवरचे भाडे दर वर्षी मिळते, मग याचे एकदाच का?’ त्याचा प्रश्न हरकतीच्या नमुन्यात कोठेच बसेना. मी तो ‘इतर’ या सदरात लिहून घेतला. वार्षिक भाड्याचा विचार आपल्या कायद्याने केलेला नाही, एवढेच उत्तर त्याला देता आले.

वनहक्क कायदा २००६ साली आला, पण २०१३ च्या फेब्रुवारीत पर्यावरण मंत्रालयाच्या परिपत्रकाने रस्ते, कालवे, पाइपलाइन अशा ‘रेषीय’ प्रकल्पांना, काही अपवाद सोडता, ग्रामसभेच्या संमतीतून वगळले. खाणींच्या बाबतीत २०११ च्या विधेयकात कोळसा कंपन्यांनी नफ्याचा २६ टक्के वाटा स्थानिकांसाठी द्यावा अशी तरतूद होती. ते लोकसभेबरोबर २०१४ साली बारगळले. २०१५ साली त्याजागी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. त्यांत निधी भरपूर जमतो. पण त्या निधीचा विश्वस्त सरकार असते, मालक गाव नसते. भरपाई, सल्लामसलत, संमती आणि मालकी या चार वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या फायलींत पहिलीलाच चौथी समजण्याची चूक सर्रास होते.

कॅनडातही चौथी मिळाली म्हणजे तिसरी मिळाली, असे होत नाही. २०२२ साली अल्बर्टातील २३ आदिवासी समुदायांनी मिळून एन्ब्रिज कंपनीच्या सात पाइपलाइनींत ११.५७ टक्के हिस्सा १.१२ अब्ज डॉलरला घेतला. त्यातील २५ कोटींच्या कर्जाला प्रांतिक सरकारची हमी होती. या पाइपलाइन चालू होत्या, ग्राहक बांधलेले होते, म्हणून जोखीम थोडी. परंतु त्या टाकायच्या की नाहीत हा प्रश्न केव्हाच संपलेला होता. ब्रिटिश कोलंबियातील कोस्टल गॅसलिंकबाबत मार्गावरच्या वीसही निर्वाचित आदिवासी मंडळांनी करार केले. पण वेत्सुवेतेन जमातीच्या वंशपरंपरागत प्रमुखांनी नकार दिला आणि २०२० च्या हिवाळ्यात त्यांच्या पाठिंब्यासाठी देशभर रेल्वेमार्ग अडवले गेले. १० टक्के हिश्शाचा पर्याय त्यांच्यापैकी सोळा जमातींपुढे आला तो २०२२ साली, बांधकाम बरेचसे झाल्यावर. हिस्सा देण्याची वेळ हीच त्या हिश्शाची खरी किंमत ठरवते.

ज्यांच्या दाव्यापासून हे सारे सुरू झाले त्या निस्गांचा भूमिकरार २००० साली अमलात आला. २०२४ साली त्यांनी वेस्टर्न एलएनजी या कंपनीच्या जोडीने प्रिन्स रूपर्टकडे जाणारी, सुमारे ८०० किलोमीटरची नियोजित वायुवाहिनी ट्रान्सकॅनडाच्या उत्तराधिकारी कंपनीकडून विकतच घेतली. या वेळी अर्ज करणारे तेच, परवाना त्यांच्याच नावे, आणि सल्लामसलतीचे कामही त्यांच्याचकडे. त्याच वर्षी उन्हाळ्यात शेजारच्या गितान्याव जमातीच्या प्रमुखांनी त्या पाइपलाइनविषयीचा आपला जुना करार जाळला आणि कामाकडे जाणारा रस्ता बंद केला.